दिव्यश्रीचा पत्ता

तंजावूर,
दसऱ्यानंतरचा सोमवार, १९९४

तीर्थस्वरूप वसुमती अक्कास,

अंबेचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धाच वाकून. उरलेला अर्धा भेटीत घालीन.) तुझा गुडघा आता कसा आहे? तेल चोळतेस, की नुसतं बाटलीकडे बघून उसासे टाकतेस? भावोजींचा खोकला गेला का? भरद्वाज आणि सूनबाई मस्कतच्या उन्हाला सरावली असतील. भरद्वाज काही झालं तरी तंजावूरच्या आईचा मुलगा आहे, मस्कतचं ऊन त्याचं काय वाकडं करणार! इकडे आम्ही दोघं बरे आहोत. घरात केबल आली आहे. सकाळी भजन लागतं आणि दुपारभर एक बाई दुसऱ्या बाईला कढई विकत असते. हे म्हणतात, बंद कर तो गोंगाट, आणि स्वतःच रिमोट नेसलेल्या वेष्टीच्या कमरेला खोचून झोपतात.

हे पत्र मी मुद्दाम बाबांनी घोटून घेतलेल्या देवनागरीत लिहिते आहे. या घरात ती माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाबद्दलही मोकळेपणाने लिहिता येतं. हे आत्ता समोरच बसले आहेत आणि विचारताहेत, एवढं पानंच्या पानं काय लिहितेस. मी म्हटलं, तुमची खुशाली.

आता मुद्द्यावर येते. (लगेच येणार नाही हे तुला माहीत आहे, तरी पद्धत म्हणून लिहिलं.) तू माझ्यावर रागावली आहेस. मीही गेले दोन महिने तुझ्यावर रागावले होते. पण आपल्या दोघींच्या रागाचं मला फार वाटत नाही. लहानपणी फ्रॉकच्या झालरीवरून आपण याहून जास्त दिवस अबोला धरला आहे. मला वाटतं ते तुझ्या नातीचं. दिव्यश्री जूनमध्ये इथून गेली तेव्हा तंजावूर स्टेशनवर खिडकीच्या गजांतून हात काढून तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, की अंबाज्जीने दर आठवड्याला तिला पत्र लिहायचं. आईवडील मस्कतला, पोर वसतिगृहात, आणि अंबाज्जीची चार महिन्यांत एक ओळ नाही. ती काय समजत असेल? अज्जी विसरली, असंच ना? ती तसं समजत असेल या विचाराने मला दसऱ्यापासून जेवण गोड लागत नाही. म्हणून काय झालं ते सगळं लिहिते. कुणाची चूक ते तू ठरव, पण वाचून झाल्यावर ठरव.

तर मे महिन्यात दिव्यश्री आमच्याकडे राहिली तेव्हा तिच्याजवळ पत्त्यांचा एक डाव होता. राजाराणीचा नव्हे. परदेशी कुस्तीगीरांचा. प्रत्येक पत्त्यावर एकेक दांडगा माणूस चड्डीवर उभा, आणि खाली छापलेलं असायचं: उंची, वजन, छाती, जिंकलेल्या कुस्त्या आणि क्रमांक. दोघींनी अर्धे अर्धे पत्ते घ्यायचे. वरच्या पत्त्यातला एक आकडा एकीने म्हणायचा. दुसरीचा आकडा मोठा असला तर दोन्ही पत्ते तिचे. पोरीने मला हा खेळ शिकवला आणि भर दुपारी ऊंजलवर बसून आम्ही दोघी कुस्तीगीरांच्या छात्या एकमेकींना ओरडून सांगू लागलो. समोरची अखिला एकदा दारातून डोकावली आणि तशीच परत गेली. (ऊंजल म्हणजे तुमच्या पुण्याच्या भाषेत झोपाळा. हे लिहून ठेवते, कारण या पत्रातला सगळा घोटाळा भाषेचाच आहे.)

मी नेहमी हरायची. पत्ता हातात आला की मी आधी चेहरा बघायची. 'याचे डोळे मायाळू आहेत गं,' असं म्हटलं की पोर कपाळावर हात मारायची. 'अंबाज्जी, मायाळूचा रकाना नाहीये! वजन सांग, वजन!' आणि मराठी आकडे तर तिला माझ्याहून अवघड. एकोणसाठ म्हणजे साठावर एक, अशी तिची पक्की समजूत. त्या हिशोबाने तिने तिचे चांगले चांगले पैलवान मला देऊन टाकले आणि मी ते घेतले. (शिकवायचं होतं गं, पण जिंकत होते ना.)

या सगळ्यांत सर्वांत गरीब पत्ता म्हणजे सायक्लोन सिरिल. नाव वादळाचं, पण क्रमांक शेवटचा. वजन कमी, छाती बेताची, जिंकलेल्या कुस्त्या विचारू नकोस. आपल्या कॉन्व्हेंटात पियानो दुरुस्त करायला एक गृहस्थ यायचे आणि सिस्टरांना पाहिलं की त्यांच्या हातातला पाना खाली पडायचा, आठवतात ना? हुबेहूब तोच चेहरा. तो नेहमी माझ्याच वाट्याला यायचा आणि मी म्हणायची, 'आलास बाबा? बस.' दिव्यश्री गेली त्या संध्याकाळी ऊंजलच्या फळीखाली झाडताना हा सिरिल सापडला. एकटाच मागे राहिला होता.

आणि त्यानंतर पंधरवड्याने तुझं निळं अंतर्देशीय पत्र आलं. ते मला तोंडपाठ आहे. तू लिहिलं होतंस: 'दिव्यश्रीला पाचगणीच्या शाळेत वसतिगृहात ठेवलं. अजून रुळली नाही, रडते. दिव्यश्रीचा पत्ता मागे आहे. तो जपून ठेव. तुझी सवय माहीत आहे म्हणून बजावते, कुठेतरी ठेवून विसरू नकोस, ओला होऊ देऊ नकोस, त्याची एक नक्कल करून ठेव, आणि लवकर वापर.'

आता अक्का, तूच सांग. तू इथून लग्न होऊन गेलीस त्याला जन्म लोटला, पण इथे राहात होतीस तेव्हा पत्रावर काय लिहायचीस? विलासम्. आपल्या घरात, गल्लीत, अख्ख्या तंजावुरातल्या मराठी घरांत पत्रावर लिहितात ते विलासम्. पत्ता म्हणजे जो पिसतात तो. थांगपत्ता हा शब्द मला माहीत होता, पण त्याचा आणि पोस्टाचा काही संबंध असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे 'दिव्यश्रीचा पत्ता मागे आहे' हे वाचल्यावर मी सरळ सिरिलकडे पाहिलं आणि म्हटलं, खरंच की, मागेच आहे. पोरीने वसतिगृहात डाव मोजला असेल, एक कमी भरला असेल, तुझ्यापाशी रडली असेल. बाकी सगळ्या सूचना इतक्या चपखल बसत होत्या की शंकेला जागाच नव्हती. फक्त 'लवकर वापर' हे कळेना. एकटीने एकच पत्ता कसा वापरायचा? तरी तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून एका दुपारी मी स्वतःशीच खेळून पाहिलं. सिरिल जिंकला. पहिल्यांदाच.

नक्कल आधी करून घेतली. झेरॉक्सच्या दुकानात सिरिल काचेवर पालथा घातला आणि निघाला तो कोळशासारखा, नुसते दात दिसत होते. यांनी पाहून सांगितलं की असे चेहरे पोस्टाच्या भिंतीवर लावलेले असत, दिसल्यास कळवा म्हणून. (यांचं सगळं आयुष्य पोस्टात गेलं हे तुला माहीत आहेच. सहा वर्षं झाली निवृत्त होऊन, पण घरात वाणसामानाची पिशवी आली तरी उलटीसुलटी करून शिक्का शोधतात.) मग मी सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे सिरिलला खाकी कागदाचं कव्हर घातलं, वर लेबल लावलं, नाव, इयत्ता, तुकडी. छान दिसत होता, पण आता आत कोण आहे ते कळेना, म्हणून काढलं. काढताना लक्षात आलं की पत्ता अगदी मऊ पडला आहे. महिनाभर आम्ही दोघींनी घामाच्या हातांनी खेळून त्याचं फडकं केलं होतं.

मऊ पडलेल्या वस्तूला आपल्या आईने काय केलं असतं? कंजी. सुती लुगडं भाताच्या पेजेत बुडवून वाळवलं की कसं उभं राहायचं, नेसताना करकर वाजायचं! मी एका ताटलीत दाट कंजी केली, सिरिलला आंघोळ घातली आणि गच्चीत नेऊन वाळत टाकला. गच्चीत वडाम वाळत होते. (तुमच्या कुरडया-सांडग्यांतलाच प्रकार. दर वर्षी एप्रिलमध्ये घालते, पण यंदा तेव्हा जमलं नाही आणि मे कुस्तीत गेला.) जुन्या वेष्टीच्या कोपऱ्यात त्यालाही ठेवला आणि खाली येऊन जरा पडले.

उठले तेव्हा वन्सं तिरुवैयारुहून येऊन परतही गेल्या होत्या. त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, आणि यांनी मला न उठवता मोठ्या प्रेमाने गच्चीतले वडाम डब्यात भरून बहिणीला दिले होते. मी वर धावले. वेष्टी रिकामी.

'अहो, कोपऱ्यात एक चौकोनी होता तो?'

'भरला की.'

'त्याच्यावर माणूस होता!'

'मला वाटलं मिरची जास्त पडली असेल,' हे म्हणाले. पोस्टात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने जाडी पाहून तरी ओळखायला नको का!

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरून मी तिरुवैयारुला. वन्संच्या दारात पाऊल टाकते तो स्वयंपाकघरातून तळणाचा वास. चप्पल काढायचं भान नव्हतं, तशीच आत गेले. (यावर त्या नंतर बोलल्याच.) वन्सं कढईपुढे घाम पुसत उभ्या. मला बघून आनंद नाही, आश्चर्य नाही, एकदम म्हणाल्या, 'बरी आलीस. अंबे, तुझा एक वडाम फुलेना गं. दोनदा झाऱ्याने दाबला.'

'वन्सं, तो काढा! काढा आधी!'

त्यांनी झारा वर उचलला, तेल निथळलं, आणि झाऱ्यातून सायक्लोन सिरिल दोन्ही मुठी आवळून त्यांच्याकडे बघू लागला. वन्सं दोन पावलं मागे सरकल्या. 'शिव शिव! आत माणूस आहे!'

त्यांची सून पाटावर बसली होती ती हसता हसता आडवी व्हायला आली, आणि तिला हसवू नका म्हणून सगळे माझ्यावरच ओरडले. जेवताना पाहुण्यांना सांगण्यात आलं की तंजावूरच्या मामी वडामात माणसं घालतात. मी सिरिलला केळीच्या पानात गुंडाळून घरी आणला. कंजीमुळे जळला नाही हे मात्र खरं. तेवढं पुण्यातल्या कुणाला सांगायचं असेल तर सांग.

पण तेल प्यायला होता. पावडर लावली, तांदळाच्या पिठात पुरून ठेवला, टिपकागदाखाली दाबला. तेल गेलं, पण पत्ता बटर पेपरसारखा पारदर्शक झाला. उजेडात धरला की त्यातून पलीकडचा कॅलेंडरवरचा गणपती दिसायचा. शिवाय आकडे पुसले गेले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तेलाचा मुख्य डाग नेमका चड्डीवर. होती नव्हती ती अब्रूही गेली. अखिलाला कळलं तेव्हा ती धावत आली. (ती आता पुढच्या खोलीत तंजावूर चित्रांचा वर्ग चालवते, गल्लीतल्या निम्म्या बायका तिथे जातात.) म्हणाली, 'मामी, इकडे द्या. मुकुट घालते, चार खडे लावते, वर्ख चढवते, दोन दिवसांत बाळकृष्ण करून देते.' मी म्हटलं, अगं, तंजावुरात राहतो म्हणून दिसेल त्याला सोन्याने मढवायचं नसतं. हा पोरीचा सिरिल आहे, तो सिरिलच राहिला पाहिजे.

मी घरच्या घरी केलं. माझ्या कांचीपुरमच्या ब्लाउजची उरलेली पट्टी होती, तिची जरीकाठाची छोटीशी वेष्टी कापून त्याला नेसवली. निऱ्या अगदी बारीक घातल्या आहेत, बघशील तेव्हा कौतुक कर. मग आकडे. ते मी आठवणीने शाईने लिहिले. आणि अक्का, लिहिता लिहिता हात थोडा सैल सुटला. कंजीत बुडाला, उन्हात वाळला, तेलात तळला गेला, तरी ज्याच्या मुठी सुटल्या नाहीत त्याला शेवटचा क्रमांक कुठल्या तोंडाने देणार? वजन वाढवलं, छाती वाढवली, क्रमांक तिसरा केला. (पहिला केला असता, पण तेवढी लबाडी सिस्टरांना कळली असती.) हे चष्मा लावून बघत होते. म्हणाले, 'दुरुस्ती केली तर शेजारी सही लागते, नाहीतर दस्तऐवज बाद.' आणि प्रत्येक आकड्यापुढे यांनी बारीक अक्षरात सही करून दिली. तेव्हा सायक्लोन सिरिलची छाती आता निवृत्त पोस्टमास्तरांनी तपासलेली आहे.

आता पाठीमागे काहीतरी कडक कागद हवा होता. तुझं निळं अंतर्देशीय पत्र माझ्या पर्समध्येच होतं, मजकूर पाठ झाला होता. त्यातून पत्त्याएवढा तुकडा कापून मैद्याच्या खळीने चिकटवला, बाकीचं केरात गेलं. ज्या घडीवर पाठवणाऱ्याचं नाव-विलासम् असतं ती बाजू वर आली. इंग्रजीत काहीतरी होतं. मी म्हटलं, बरंच झालं, पोर पत्ता उलटा करील तेव्हा तिला तिच्या अज्जीचं पुण्याचं विलासम् दिसेल. वाचलं नाही. तू कुठे राहतेस ते मला माहीत नाही का?

शेवटी लॅमिनेशन. बसस्टँडजवळ नवीन यंत्र आलं आहे. दुकानदाराने सिरिलला दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि आवाज खाली आणून तमिळमध्ये विचारलं, 'कोण, मामनार का?' म्हणजे सासरे का.

मी म्हटलं, 'नाही, कुस्तीगीर आहेत.'

'असणारच. अंगकाठीवरून दिसतंय. कधी गेले?'

'जूनमध्ये मागे राहिले.'

त्याने सिरिल अलगद यंत्राजवळ ठेवला. मग म्हणाला, खाली तारीख टाकून देऊ का, वर बारीक हार पण निघतो. मी नको नको म्हणत होते तरी त्याने कोपऱ्यात एक फूल टाकलंच. पैसे घेतले नाहीत. वेष्टीतला, निऱ्यांचा, फुलाचा, प्लॅस्टिकच्या काचेतला सिरिल घेऊन मी घरी आले आणि मनाशी म्हटलं, घे अक्का, तुझ्या नातीचा पत्ता. आता समुद्रात टाकला तरी ओला होणार नाही.

आणि मग मी तुझी वाट बघत बसले. पोरीला पत्रं लिहून तयार होती. ऊंजलची कडी कुरकुरते ते, मांजराला पिल्लं झाली ते, आजोबा रिमोट घेऊन झोपतात ते, सगळं लिहीत होते आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवत होते, कारण विलासम् नाही. तुला कार्ड टाकलं: दिव्यश्रीचं विलासम् पाठव. तुझं उत्तर नाही, कार्ड पोचलं तरी का कोण जाणे. शेवटी ऑगस्टमध्ये एस.टी.डी. बूथमधून फोन केला. पाठीमागे रांग, लाइनमध्ये खरखर, आणि तू माझ्याहून बहिरी.

'अक्का, विलासम् कुठंय?'

'कोण विलास?'

'दिव्यश्रीचं विलासम् गं!'

'भलतंच काय बोलतेस! विलासचं जूनमध्ये लग्न झालं!'

'कुणाचं लग्न?'

'शेजारच्या विलासचं! आणि पत्ता दिलाय ना तुला? तो आहे ना नीट?'

'पत्ता उत्तम आहे, चकचकीत आहे, पण विलासम्—'

'पोर अकरा वर्षांची आहे अंबे!' असं ओरडून तू फोन ठेवलास. मी पैसे देऊन बूथमधून बाहेर आले. मला वाटलं, अक्काला आता मी पोरीला पत्र लिहिलेलंही नको आहे. तुला काय वाटलं ते तू लिहिलं नाहीस, पण आता मी कल्पना करू शकते. त्या विलासच्या आईला काही बोलली नसलीस म्हणजे मिळवली.

आता सरस्वतीपूजा. तुझ्या लक्षात असेलच, आपल्याकडे त्या दिवशी घरातली पुस्तकं देवीपुढे ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. (तू दर वर्षी गणिताचं पुस्तक आधी ठेवायचीस, आणि वर भूगोलाचंही.) यंदा नवरात्रात आमचा बाहुल्यांचा कोलू बघायला इतकी पोरं येत होती, आणि प्रत्येकाला तो वेष्टीतला पैलवान हातात घेऊन बघायचा होता, की मी सिरिलला देवीपुढे ठेवून दिलं. यांचं भागवत, माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी रीडर, वर सिरिल. आता त्याला कोण हात लावतो ते बघू.

पण दसऱ्याला, जे जे ठेवलं ते ते थोडं तरी वाचायचं असतं, हे मी विसरले. हे विसरले नाहीत. भागवताचं पान झालं, रीडरमधली कविता मी म्हटली, आणि मग यांनी सिरिल उचलला. मी म्हटलं, अहो, राहू द्या. हे म्हणाले, 'ठेवला कुणी? देवीपुढे ठेवलं ते वाचायचं.' आणि सोवळं नेसून, दिव्यासमोर, भागवत वाचलं त्याच सुरात वाचायला लागले: उंची सहा फूट दोन इंच. वजन अमुक पौंड. छाती तमुक. माझे हात जोडलेले, आणि पोटात हसू मावत नव्हतं. पुढची बाजू संपली, यांनी मागची केली. पोस्टाचा माणूस, एक अक्षर सोडणार नाही. वाचता वाचता थांबले. चष्मा वर केला.

'वसुमती अक्का पाचगणीला कधी राहायला गेल्या गं?'

मी पत्ता हातात घेतला. निळ्या कागदावर, लॅमिनेशनच्या आत, फुलाच्या बरोबर मागे, तुझ्या त्या कॉपीबुकातल्या इंग्रजी अक्षरात: कुमारी दिव्यश्री. खाली गर्ल्स हॉस्टेल. खाली पाचगणी, आणि पुढचं सगळं माझ्या कात्रीने गेलेलं. शाळेचं नाव अर्धं, खोलीचा आकडा नाही, पिनकोड नाही. मग मी तुझं वाक्य पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. दिव्यश्रीचा पत्ता मागे आहे. मागे म्हणजे मागच्या घडीवर!

अक्का, मी तिथेच पाटावर बसले. हसू येईना आणि रडू येईना. यांना म्हटलं, तुम्ही सगळं आयुष्य पत्रं वाटलीत, हा निळा कागद चार महिने घरात होता, एकदा उलटून बघायचं नाही? तर म्हणतात, 'पाठवणाऱ्याचं विलासम् पत्र परत जायचं असेल तरच बघायचं. खात्याचा नियम आहे.' खातं आता यांना पेन्शनशिवाय काही देत नाही, पण नियम अजून पाळतात. मग जरा वेळाने स्वतःच उठून बिस्किटांचा डबा घेऊन आले आणि माझ्या पत्रांना एकेक करून पाकिटं घातली. पाकिटावर फक्त 'कुमारी दिव्यश्री' एवढंच लिहून खाली जागा सोडली आहे.

म्हणून हे पत्र. तू मला बावळट म्हण, वेंधळी म्हण, जन्मभर म्हणत आलीस तेच म्हण. पण पोरीला लगेच कळव, की अंबाज्जी विसरली नव्हती. तिला सांग, तिचा पत्ता इतका जपला की पत्ताच हरवला. तिला हे कळेल. तिला मराठी आकडे येत नाहीत, पण असल्या गोष्टी चटकन कळतात.

भावोजींना नमस्कार. शेजारच्या विलासला आणि त्याच्या बायकोला माझे आशीर्वाद, आणि जमलं तर क्षमाही माग. तुझ्या गुडघ्याला जप.

विलासम् तेच जुनं असलेली,
तुझी अंबा

ता. क. दिव्यश्रीचं पूर्ण विलासम् उलट टपाली पाठव. वेगळ्या कागदावर, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, आणि त्याला पत्ता म्हणू नकोस. त्या कागदाला काहीही चिकटवणार नाही, शपथ.

आणखी एक. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसले. दिवाळीच्या सुट्टीत पोर मस्कतला जाणार नाही असं तू मागे लिहिलं होतंस. तिला इकडे घेऊन ये. तूही ये, गुडघ्यासकट. सिरिल मी पोस्टाने पाठवू शकत नाही. लॅमिनेशन, वेष्टी, खळ आणि निळा कागद मिळून तो आता विटेएवढा जड झाला आहे, कुठल्याही पाकिटात जात नाही, आणि गेलाच तर वाटेत त्याच्या निऱ्या मोडतील. मालकाने स्वतः येऊन न्यायचा आहे. तिला असंच सांग. एवढा जड पत्ता बघायला ती नक्की येईल.

आणखी जरासं. हे आत्ता जुन्या टपालाच्या काट्यावर सिरिल ठेवून सांगताहेत, की साध्या तिकिटात आरामात जातो. त्यांनी तुझ्या नावाचं एक पाकीटही तयार केलं, वर तिकीट लावलं आणि ते दाराशी ठेवून आंघोळीला गेले. मी ते तिकीट चहाच्या वाफेवर सोडवून या पत्राला लावलं आहे. जरा वाकडं बसलंय, तेवढं सांभाळून घे.